सोलापूरची प्रश्नमंजूषा: पाठांतराचे नकोत, खोदून विचारता येतील असे प्रश्न सुचवा

बाळीवेसकर
मंडळी, आमच्या गल्लीतल्या मंडळाने यंदा गणपतीत एका संध्याकाळी डॉल्बीला सुट्टी देऊन प्रश्नमंजूषा घ्यायचं ठरवलंय. "तू पुस्तकं वाचतोस की बे, तूच काढ प्रश्न" असं म्हणून काम माझ्या गळ्यात आलं. दोन गट आहेत: आठवी ते दहावीची पोरं, आणि खुला गट. खुल्या गटात सासू-सुनांच्या जोड्यांनी आत्ताच नावं दिलीत, म्हणजे स्पर्धा तिथेच रंगणार.

नवी पेठेतून सामान्यज्ञानाची दोन पुस्तकं आणली. जिल्ह्यात तालुके किती? ११. पंढरपूर कुठल्या नदीवर? भीमा. असले प्रश्न विचारून होईपर्यंत पोरं उत्तर देऊन मोकळी होतात आणि कार्यक्रम आरतीच्या आधीच संपतो. मला असे प्रश्न हवेत की उत्तर आल्यावर निवेदकाला त्यावर दोन मिनिटं बोलता येईल. माणसं, गावं, पक्षी, नदी, शेती, काहीही चालेल, पण आपल्या जिल्ह्यातलं. अट एकच: उत्तर वादातलं नको. मागच्या रांगेतले आजोबा उठून उभे राहिले की माईक माझ्याकडे परत येत नाही, हा अनुभव आहे.

माळावरचा
छान उपक्रम. माझ्याकडून नान्नजचा मालढोक घ्या. "मालढोक अभयारण्य कुठे आहे" हे विचारू नका, ते पाठ असतं. विचारा: "एवढा मोठा पक्षी, दिवसाउजेडी विजेच्या तारेला धडकून का मरतो?"

उत्तर असं. मालढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे आजूबाजूचं त्याला भरपूर दिसतं, पण नाकासमोरचा पट्टा अगदी अरुंद. उडताना तो खालच्या माळाकडे बघत असतो. समोरची तार त्याला दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो, आणि नर तर पंधरा किलोपर्यंत भरतो, एवढं धूड ऐनवेळी वळवता येत नाही. त्यात मादी वर्षाला साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. एक पक्षी गेला की ती जागा भरून यायला किती काळ लागेल याचा हिशोब पोरांनाच करू द्या.

२०११ पासून हा पक्षी अतिसंकटग्रस्त यादीत आहे. देशात दीडशेच्या आतच उरलेत आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. तिथे त्याला गोडावण म्हणतात, तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. आपल्याकडे आता एखादा दिसला तर पेपरात बातमी येते.

शेंगाचटणी
माळावरचा, पण ते अभयारण्य म्हणजे नक्की केवढं? आमच्या मामांची मोहोळकडची जमीन कित्येक वर्षं "मालढोकात गेली" म्हणून विकता येत नव्हती. घरात मालढोकाचं नाव काढलं की मामा ताटावरून उठायचे.

माळावरचा
मामांचा राग बरोबर होता. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. सोलापूर आणि नगर या दोन जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात होते. शेतं, गावं, रस्ते, साखर कारखाने, सगळं कागदावर अभयारण्य. पुढे २०१२ मध्ये ते साधारण १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर दोन पिढ्यांच्या डोक्यात बसलं होतं की हा पक्षी म्हणजे सातबाऱ्यावरचा बोजा. एवढी मोठी रेघ ओढून लोकांना पक्ष्याच्या विरोधात उभं केलं, हे माझं मत. थोडकीच जमीन घेऊन ती नीट राखली असती तर आज चित्र वेगळं असतं.

आणि दुसरी गंमत, माळ म्हणजे पडीक असं आपण धरून चालतो. मग तिथे झाडं लावायची मोहीम निघते, फोटो निघतात. मालढोकाला लागतो उघडा, गवताचा माळ, जिथून लांबून येणारा लांडगा दिसेल. झाडी वाढली की तो जागा सोडतो. काळवीट, खोकड, धाविक, चंडोल, पाखुर्डी, हे सगळे त्याच उघड्या गवताचे रहिवासी. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवत्या ससाणेही झाडावर नाही, गवतात जमिनीवर रात्र काढतात.

चाळीस_डिग्री
नान्नजचं नाव निघालंच आहे तर द्राक्षं विसरू नका. सोनाका हा लांब मण्यांचा वाण नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी शोधलेला. थॉम्पसन सीडलेसच्या बागेत एका वेलीला वेगळे, लांबट मणी आलेले दिसले, ती काडी त्यांनी वेगळी काढून वाढवली. म्हणजे निसर्गाने केलेला बदल आणि तो ओळखणारी शेतकऱ्याची नजर. एकाच गावात देशातला दुर्मीळ पक्षी आणि द्राक्षाचा वाण, बघा कसं जमतंय.

भीमातीर
उजनी धरणाचा प्रश्न माझा. दर उन्हाळ्यात पेपरात येतं, "उजनी उणे ३० टक्क्यांवर". नळाला पाणी आलं की नाही यावरच आपली सकाळ ठरते, तरी मी ओळखीत विचारून पाहिलं, निम्म्या लोकांना उणे टक्के म्हणजे काय हे सांगता येत नाही. धरण रिकामं झाल्यावर अजून रिकामं कसं होतं?

आकडे साधे आहेत. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी, आणि त्याच्या खालचा मृत साठा ६३.६६ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण २,८३२ कोटी लिटर. टक्के मोजतात ते फक्त वरच्या ५३.५७ वर. कालव्याला पाणी आपसूक जाईल त्या पातळीपर्यंतचं ते पाणी. पातळी त्याखाली गेली की शून्य, आणि पुढचा उपसा उणे. म्हणजे उणे ५० टक्के ऐकलं की मृत साठ्यातले २७ टीएमसीच्या आसपास गेले, आणि गाळ धरून ३७ टीएमसीच्या आसपास अजून तळात आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात आपण उणे पन्नासच्याही खाली गेलो होतो.

मृत साठा उपयुक्त साठ्यापेक्षा मोठा, हे उजनीचं वैशिष्ट्य. "मृत" म्हणतात आणि दर टंचाईत अख्खं शहर त्याच्यावर जगतं. पातळी उतरली की दुबार पंपिंग, म्हणजे तेच पाणी दोनदा उपसणं, चालू होतं. शिवाय खाली नदीत पाणी सोडून औजचा बंधारा भरून घेतात, शहराच्या पिण्याचं एक पाणी तिथून येतं.

गड्ड्यावरची
भीमातीरदादा, इतकं सोपं करून मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या सासूबाई म्हणाल्या, हा प्रश्न खुल्या गटात आला तर उत्तर आमचंच. बाळीवेसकर, हा प्रश्न घेऊ नका, पेपर फुटला :)

उजनीवरच अजून एक: पाणी उतरलं की भिगवणकडे रोहित (फ्लेमिंगो) पक्षी का जमतात?

भीमातीर
रोहिताला खोल पाणी नकोच असतं, गुडघाभर पाणी आणि खाली चिखल हवा. पातळी उतरते तशी काठाची सपाट दलदल उघडी पडते. तो मान खाली घालून चोच उलटी धरतो, जिभेने पाणी आत ओढून कडेच्या चाळणीतून बाहेर टाकतो आणि शेवाळ, किडे आत ठेवतो. भिगवण पुणे जिल्ह्यात येतं, त्यामुळे "आपल्या जिल्ह्यातलं" या अटीत बसतं का ते संयोजकांनी ठरवावं. पाणी मात्र आपलं आहे, हे पुणेकरांना एकदा सांगायला हवं.

बाळीवेसकर
पाण्यावर राजकारण नको दादा, धागा उडवतील. मालढोक आणि उजनी दोन्ही घेतले. सासूबाईंसाठी आकडे बदलून विचारीन. माणसांवर काही येऊ द्या.

पूर्वभागकर
माणसांआधी चादर. आण्णा, चादरीवर प्रश्न न विचारता सोलापुरात प्रश्नमंजूषा करणार असाल तर आमच्या विणकरांच्या पूर्व भागात पाऊल टाकू नका.

विचारा: "सोलापुरी चादर उलटी केली तर काय दिसतं?" घरात रोज पांघरतात, तरी पटकन सांगता येत नाही. दोन्ही बाजूंना नक्षी तीच असते, रंग अदलाबदल. इकडे हिरव्या जमिनीवर लाल मोर, तर तिकडे लाल जमिनीवर हिरवा. कापडाचे दोन थर एकमेकांत गुंतवून विणलेले असतात, जिथे नक्षी बदलते तिथे थर जागा बदलतात.

आणि ही नक्षी मागाला कळते कशी? मागाच्या डोक्यावर जकार्ड बसवलेलं असतं. त्यात पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरते, पत्त्यांना भोकं पाडलेली. भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि तिच्या हुकाला बांधलेले ताण्याचे (उभे) धागे वर उचलले जातात. भोक नसेल तिथे धागा खालीच. मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो. एक पत्ता म्हणजे बाण्याचा (आडवा) एक धागा. एक मोर पुरा व्हायला पत्त्यांची अख्खी चळत लागते, आणि मधला एक पत्ता फाटला की मोराच्या मानेवर रेघ येते. आमच्या वडिलांना ती रेघ लांबून दिसायची, गिऱ्हाइकाला कधीच नाही.

१८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जकार्ड नावाच्या माणसाने हे काढलं. भोकाच्या पत्त्यावर सूचना लिहायची ही युक्ती पुढे चार्ल्स बॅबेजने गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली, आणि अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत होलेरिथने भोकांचे पत्ते वापरून माणसं मोजली. तेव्हा पोरांना सांगा, कॉम्प्युटरचा चुलत आजोबा आपल्या गल्लीत खटखट करतोय. महाराष्ट्रातून भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या पहिल्या वस्तूंत आपली चादर आहे.

शेंगाचटणी
मोराच्या मानेवरची रेघ आता आमच्या चादरीत शोधत बसलोय. सापडली. आता ती कायम दिसणार, धन्यवाद.

गड्ड्यावरची
माणसांवर माझा प्रश्न: "१२ जानेवारीला सोलापुरात कशाची आठवण काढतात?" पोरं विवेकानंद जयंती, जिजाऊ जयंती म्हणतील, तेही बरोबरच. म्हणून प्रश्न नीट बांधा: "१२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी गेलेले चार सोलापूरकर कोण?" मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. चार हुतात्मा चौकातून रोज रिक्षा जातात, चारही नावं न अडखळता सांगणारे कमी.

मागची हकिकत: मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, गिरण्या बंद पडल्या, लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पोलीस शहरातून मागे हटले. १२ मे रोजी मार्शल लॉ लागला तो जूनअखेरपर्यंत. गांधी टोपी घालणं, तिरंगा बाळगणं यालाही शिक्षा होती. त्या चौघांवर पोलिसांच्या हत्येचा खटला चालवला.

त्यानंतर लगेच, १३-१४ जानेवारीच्या सुमारास, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेतला अक्षता सोहळा असतो. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं म्हणून हट्ट धरलेल्या कुंभारकन्येची ती कथा. त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह लावायला परवानगी दिली, आणि आजही नंदीध्वजांवर, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांवर, अक्षता पडतात. सात काठ्या, पांढरी बाराबंदी, ६८ लिंगांची वाट. एवढ्या गर्दीत बाराबंदी संध्याकाळपर्यंत पांढरी कशी राहते हे मात्र मला घरातल्या धुण्यावरून माहीत आहे: राहत नाही.

जुना_गिरणगाव
त्या मे महिन्यातलं "सोलापूर इतके दिवस स्वतंत्र होतं" ते विचारा की! अभिमानाची गोष्ट आहे.

गड्ड्यावरची
काका, अभिमान आहेच. पण कुणी तीन दिवस म्हणतं, कुणी चार. दिवस कुठून मोजायचा यावर मागच्या रांगेत दोन आजोबा उभे राहतील. मार्शल लॉची तारीख विचारली तर कुणाला बोलायला जागा नाही.

जुना_गिरणगाव
त्या दोन आजोबांतला एक मीच असेन, त्यामुळे मान्य.

कुर्डुवाडी_जंक्शन
डॉ. कोटणीस कुणीच कसे काढले नाहीत? "चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी परत न आलेला एक कोण?" द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूर, १० ऑक्टोबर १९१०. जपानने चीनवर हल्ला केला तेव्हा काँग्रेसने १९३८ मध्ये वैद्यकीय पथक पाठवलं: अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी. बाकीचे चौघे परतले, कोटणीस थांबले. चिनी भाषा शिकले, चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले. नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन शल्यविशारदाच्या नावाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं, मुलगा झाला. ९ डिसेंबर १९४२ ला गेले तेव्हा वय ३२. चीनमध्ये शीच्याच्वांगला त्यांचा पुतळा आहे, इथे भैया चौकाजवळ घराचं स्मारक आहे.

आणि आमच्या गावाचा हक्काचा प्रश्न: बार्शी लाईट रेल्वे. १८९७ ला सुरू झाली, रुळांतलं अंतर अडीच फूट. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने सिद्ध करून दाखवलं की रूळ लहान असला तरी डब्याच्या प्रत्येक धुरीवर सारखा भार वाटला तर मोठ्या गाडीइतका माल ओढता येतो. पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरजेपर्यंत ती गेली. वारकरी, कापूस आणि ज्वारीची पोती, सगळं एकाच गाडीत. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी धंद्याची सुरुवात याच रेल्वेच्या कामाच्या ठेक्याने केली. नंतर जहाज, विमान, मोटार, तिन्ही कारखाने काढले तरी आधी अडीच फुटी रुळाखालची माती मोजली होती.

चाळीस_डिग्री
कुडलचा शिलालेख घ्या. मराठीतला पहिला शिलालेख आपल्या जिल्ह्यात, दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीनेच्या संगमावर!

अक्षीचा_पाहुणा
सोलापूरचा नाही, अलिबागकडचा आहे, पण राहवलं नाही. आमच्या अक्षीचा शके ९३४ चा आहे, तुमचा शके ९४० चा. आणि श्रवणबेळगोळ म्हणणारे तिसरेच.

बाळीवेसकर
हे बघा, आले आजोबा!

जुना_गिरणगाव
यावर तोडगा आहे. "पहिला" हा शब्दच टाकू नका. विचारा: "हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरातला मराठी शिलालेख शके ९४० चा आहे, तर इसवी सन कोणतं?" शकात ७८ मिळवायचे, १०१८. गणितही झालं, इतिहासही. लेखातल्या ओळीचा अर्थ असा की वाचणारा विजयी होईल, म्हणजे प्रश्नमंजूषेला यापेक्षा चांगला शकुन कुठला! आनंद कुंभार यांनी जिल्ह्यातले शिलालेख हुडकण्यात हयात घालवली, त्यांचं नाव निवेदकाने घ्यावं. तिथलंच ३५९ मुखांचं शिवलिंग पोरांना चित्रात दाखवा, मोजायला लावू नका.

बाळीवेसकर
काका, "पहिला" काढून टाकायची ही युक्ती सगळ्याच प्रश्नांना लावतो. आता शेतीवर एक द्या, मंडळात निम्मे लोक गावाकडचे आहेत.

हुरडा_स्पेशल
घ्या. "ज्वारी पावसाळा संपल्यावर पेरतात, पाऊस जवळपास पडत नाही, मग ती वाढते कशावर?"

आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. जून-जुलैचे ढग घाटावर रिकामे होऊन येतात, आपल्याला नुसता वारा. वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, आणि त्यातला भरवशाचा येतो सप्टेंबरात, परतीच्या वेळी. म्हणून मंगळवेढ्याच्या काळ्या रानात खरीप मोकळं ठेवतात आणि उत्तरा-हस्ताच्या ओलीवर ज्वारी पेरतात. ती काळी माती चिकण, खोल. पाणी प्यायली की फुगते आणि महिनोन्महिने ओल धरते. मुळं ती ओल गाठत खाली जातात. थंडीचं दव पडतं, पण खरी मदार जमिनीतल्या साठ्यावर. माती पुढे सुकत गेली की हात घालता येईल अशा भेगा पडतात. तोवर कणीस भरलेलं असतं.

मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडलेला. नंतर कितीतरी सुधारित वाण आले, तरी भाकरी आणि कडबा दोन्हीसाठी शेतकरी तिलाच धरून आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

माळावरचा
यात माझा एक दुवा जोडा. जिथे ही खोल काळी माती नाही, नुसता मुरूम आहे, तिथे पेरून उपयोग नव्हता, म्हणून गवताचा माळ उरला. आणि मालढोक दोन्ही ठिकाणी चरतो: माळावर नाकतोडे, शेतात पडलेले भुईमूग आणि ज्वारीचे दाणे. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला लावता येईल अशी जोडी करा, निवेदकाचं काम सोपं होईल.

बाळीवेसकर
जोडी एकदम पसंत. ज्वारी आधी, मालढोक नंतर. शेवटच्या फेरीत उजनी, सासू-सुनांसाठी.

शेंगाचटणी
हुरडा_स्पेशल, जाता जाता सांगा: मालदांडी एवढी चांगली, तर हुरडा पार्टीला तिचं कणीस का भाजत नाहीत?

हुरडा_स्पेशल
भाजतात की नाइलाजाने, पण मजा नाही. हुरड्याला गूळभेंडी किंवा सुरती लागते. दाणा गोड, मऊ, आणि आगटीतून काढलेलं गरम कणीस तळहातावर चोळलं की बोंडातून लगेच सुटतो. मालदांडीचा दाणा बोंडाला घट्ट धरून बसतो, चोळून चोळून हात भाजतो आणि मूठभर हुरड्यात निम्मा कोंडा येतो.